दोन रेघा म्हणजे स्वच्छ

आई गेली त्या दिवशी माझा धाकटा भाऊ दोनदा जेवला. दुसऱ्यांदा तर त्याने मागून वाढून घेतलं. गेलं वर्षभर मी हे भेटेल त्याला सांगत आलेय, आणि ऐकणारा प्रत्येक जण मान हलवून माझ्या बाजूने झालाय. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

जेवणाच्या आधीचं मात्र मी कमी जणांना सांगितलंय. आईला समोरचा एक दात नव्हता. तिथे ती तारेने अडकवलेली, काढता-घालता येणारी छोटी पट्टी लावायची, आणि ती पट्टी धाकट्यानेच बनवलेली होती, कारण आमचा धंदाच दात बनवण्याचा. हॉस्पिटलात ती पट्टी काढून डबीत ठेवलेली. आई गेल्यावर वरच्या ओठाखाली खळगा दिसायला लागला, ते मला बघवेना, म्हणून मी त्याला म्हटलं की निदान एवढं तरी कर, तिचा दात बसव. त्याने हात धुतले. दोन बोटांनी आईचा ओठ वर केला, पट्टी बसवली, अंगठ्याने दाबली, डोकं तिरकं करून बघितलं आणि म्हणाला, "तार सैल झालीय. आधी सांगितलं असतंस तर आवळून दिली असती." मग पुन्हा हात धुतले आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

तेव्हा त्याने पावडर सोडून चार महिने झाले होते.

पावडर म्हणजे ती, झोप उडवणारी. आमच्या लॅबमध्ये पावडरींना तोटा नाही: प्लास्टरची, पॉलिशची, दातांच्या पोर्सेलिनची. खाली लॅब, वर घर. लॅब वडिलांनी काढली, आईने चालवली आणि आता माझ्या गळ्यात आहे. डेंटिस्टकडून पेशंटच्या जबड्याची मापं येतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून मॉडेल काढतो आणि मॉडेलवर दात बनवतो. धाकटा पोर्सेलिनचा माणूस. काचेच्या तुकड्यावर पांढरी पावडर घ्यायची, पाण्याचा थेंब टाकायचा, बारीक ब्रशने थर चढवायचे आणि भट्टीत भाजायचं. त्याने केलेला दात तोंडात बसला की ज्याचा त्यालाही ओळखू यायचा नाही. अशी बोटं घेऊन माणूस जन्माला येतो आणि वर तोंड करून विचारतो की यात विशेष काय.

एके वर्षी कामाचा ढीग पडला आणि तो तीस-तीस तास बसायला लागला. डोळे लाल, जबडा सतत चाललेला, स्वतःचेच दात घासून सपाट केलेले. दिसत होतं. दातांच्या लॅबमध्ये माणूस स्वतःचे दात खातोय हे कुणालाही दिसलं असतं. मी कानाडोळा केला, कारण काम वेळेवर जात होतं आणि डेंटिस्ट खूश होते. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही.

पुढची सहा वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही. एकच सांगते, कारण ते लागणार आहे. एका दुपारी तो सामानाच्या खोलीत काहीतरी शोधत होता, कपाटं उलटीपालटी करत होता. आई दारात उभी राहून त्याला म्हणत होती, बाळा, तू आता झोप. तो वळला आणि त्याने दार आपटलं. दार आईच्या तोंडावर बसलं. मी जिन्यात होते, मी पाहिलं. आईने खाली वाकून तुटलेला दात स्वतःच शोधला, मुठीत धरला आणि मला आधी काय म्हणाली असेल, तर बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून सांगायचं. सगळ्यांना, आणि त्यालासुद्धा. त्याला काहीच आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः तिच्या जबड्याचं माप घेतलं, दोन दिवसांत पट्टी बनवली, आणि तो दात इतका सुरेख झाला की ती सगळ्यांना हसून दाखवायची. मला तिने शप्पथ घातली होती. ती मी चार वर्षं पाळली. दुखरी जागा माहीत असावी पण दाबू नये, तशी.

तीन वेळा केंद्रात जाऊन आला, तीन वेळा घसरला. चौथ्या वेळी टिकला. तेव्हा मी अट घातली: अठरा महिने स्वच्छ राहिलास तर वर घरात यायचं आणि पोर्सेलिनच्या टेबलावर बसायचं. तोवर झोपायचं खाली, प्लास्टरच्या पोत्यांमागच्या खाटेवर, आणि काम मापात प्लास्टर ओतायचं, जे शिकाऊ माणूसही करतो. त्याने हो म्हटलं. दर शनिवारी दुपारी तपासणी. तो कपात लघवी करणार, मी दाराबाहेर उभी राहणार, मग त्यात तपासणीची पट्टी बुडवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. दोन रेघा म्हणजे स्वच्छ. एकच रेघ म्हणजे घेतली आहे. सुरुवातीला तो पट्टीशी वाद घालायचा, ही रेघ पुसट आहे, ती वाकडी आहे. मग एकदा त्यानेच सांगितलं, "तू बघ, मला दाखवू नकोस. माझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही." तेव्हापासून पट्टी मीच बघते आणि कॅलेंडरवर खूण करते.

आईनंतर मी केंद्रातल्या डॉक्टरबाईंकडे गेले आणि सरळ विचारलं की हा माणूस आहे की दगड. बाईंनी स्कॅनची दोन चित्रं माझ्यापुढे ठेवली. कुणा दुसऱ्याच्याच मेंदूची, सोडल्यानंतर पहिल्या महिन्यातलं एक आणि चौदाव्या महिन्यातलं एक. पहिलं जवळजवळ अंधारलेलं, दुसऱ्यात मधोमध लाल-पिवळं उजळलेलं. म्हणाल्या, आनंद पोचवणारं एक द्रव्य असतं, डोपामिन. ही पावडर ते एकदम एवढं सोडते की मेंदू कंटाळून ते आत घेणारी दारंच काढून टाकतो. पावडर थांबली तरी दारं नसतात. मग हसणं असो की मरण, आत काही जात नाही. दारं परत बसतात, पण त्याला वर्ष-दीड वर्षही लागतं.

मी विचारलं, म्हणजे त्याला वाईट वाटलं नाही असं नाही, वाटायची सोय नव्हती? त्या म्हणाल्या, साधारण तसंच. बरी सोय आहे, मी म्हटलं.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या मला शब्दन् शब्द आठवतात, त्यामुळे मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची वाट बंद आहे. एक म्हणजे, परत येणारं रांगेत येत नाही. एखाद्या दिवशी जुनं तुंबलेलं एकदम येईल, तो रडेल, भराभर बोलेल, हात कापतील, आणि बघणाऱ्याला वाटेल की याने पुन्हा घेतली. तेव्हा घाबरू नका, पट्टी बघा. दुसरी गोष्ट, "तुमचंही डोकं इतकी वर्षं पहाऱ्यावर उभं आहे. ते लगेच खाली बसणार नाही. तुम्हीही कुणाशी तरी बोला." मी म्हटलं, माझं डोकं ठीक आहे, तुम्ही त्याचं बघा.

आणि येत गेलं. सहाव्या महिन्यात त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला की आज साखर जास्त पडलीय. दोन वर्षं त्याला गोड-कडू कळत नव्हतं. दहाव्या महिन्यात आमचे पॉलिशवाले काका मला बोलावून म्हणाले, ऐक, तो प्लास्टर ओतताना शिट्टी वाजवतोय. काकांचे डोळे भरले होते. चौदाव्या महिन्यात तो खिडकीशी उभा राहिला, पाण्याच्या बरणीतून ऊन टेबलावर पडलं होतं, आणि तो म्हणाला, छान दिसतंय. मी म्हटलं, मापं वाळतायत तिकडे.

मला राग यायचा. इथेच सांगून टाकते. चहाची चव आली, शिट्टी आली, उन्हाचं कौतुक आलं, आणि आई? ती या रांगेत कुठे उभी होती? चार दिवस मी तिच्या कपड्यांच्या घड्या घालत एकटी रडले होते, आणि हा खाली निवांत घोरत होता. मी वर्षभर त्याला तोंडावर काही बोलले नाही. फक्त खाली त्याला जेवायला वाढताना दुसरी वाढ कधी केली नाही. त्याला कळलं नाही बहुतेक.

सोळाव्या महिन्यातल्या एका शनिवारी मी त्याला सामानाच्या खोलीतली जुनी मॉडेलं काढायला सांगितली. पेशंटची मॉडेलं आम्ही खोक्यांत नाव घालून ठेवतो आणि तीन वर्षं झाली की फोडून टाकतो. आईच्या जबड्याचं खोकं तिथेच, खालच्या फळीवर होतं. मी ते विसरले होते, असं मी सगळ्यांना सांगते.

अर्ध्या तासाने जिन्यात पावलं वाजली. तो वर कधी येत नसे, अटच होती. दारात उभा राहिला तेव्हा मी पाहिलं: डोळे लालभडक, नाक वाहतंय, हात थरथरतायत, छातीशी धरलेलं खोकं गदगदा हलतंय. सहा वर्षं मी हेच बघितलं होतं. असेच डोळे, असंच नाक. तो बोलायला लागला तर थांबेना, एका वाक्याचं शेपूट दुसऱ्यात अडकलेलं. आईचं मॉडेल, आईचे दात, खालचे दोन कसे एकमेकांवर चढलेले, ती बडीशेप चावायची त्या बाजूची दाढ कशी झिजलेली, ताई, हे बघ ना, ताई.

मी खुर्चीवरून उठले, ड्रॉवर उघडला आणि कप काढून त्याच्यापुढे धरला.

तो क्षणभर कपाकडे बघत राहिला. मग खोकं टेबलावर ठेवून, कप घेऊन बाथरूममध्ये गेला. मी दाराबाहेर उभी राहिले. आतून हुंदके ऐकू येत होते. मोठ्या माणसाचं असं रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, तोंडावर हात न ठेवता रडलेलं. मला त्याची दया आली का? आली असावी. पण आधी आला तो संताप. आता? आता रडतोस? ज्या दिवशी मला धरायला कुणी नव्हतं त्या दिवशी तू तार सैल झाल्याचं सांगत होतास.

मी पट्टी बुडवली आणि खिडकीशी, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. घड्याळात पाच मिनिटं लावली. तो मागे जमिनीवर बसला होता, मांडीवर ते मॉडेल घेऊन. आवाज जरा बसला होता.

"माप घेताना तिने माझं मनगट धरलं होतं," तो म्हणाला. "आज आठवलं. मी मापाचा चमचा तोंडाजवळ नेला तर ती मागे सरकली. ताई, ती घाबरली होती. बाथरूममध्ये पडलेलं माणूस मला का घाबरेल?"

मी पट्टीवरची नजर काढली नाही.

"तिचा दात कसा गेला?"

आईची शप्पथ मला आठवत होती. न आठवून कसं चालेल. मी पाठ न वळवता सांगितलं, "दार तू आपटलंस. सामानाच्या खोलीचं. तिच्या तोंडावर बसलं. मी जिन्यात होते."



"मला का आठवत नाही?"

"तुला बरंच काही आठवत नाही."

पट्टीवर पहिली रेघ केव्हाच उमटली होती. मी बघत होते तोवर दुसरी वर आली. पुसट नाही, वाकडी नाही, चांगली ठसठशीत. दोन रेघा. शिट्टी ऐकवली त्या दिवशीच काका म्हणाले होते, पोरगा परत येईल तेव्हा त्याला ओळख म्हणजे झालं. हा परत आला होता. आत्ता, या खोलीत, माझ्या मागे, आईला मांडीवर घेऊन बसला होता. घड्याळ वाजलं.

मी ठरवून केलं नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. माझ्याकडे पूर्ण पाच मिनिटं होती. मला एवढंच वाटलं की आई आता त्याचीही होईल. वर्षभर ती माझी एकटीची होती, तिचं मरण माझ्या एकटीचं होतं, आणि हा एका दुपारी येऊन अर्धा वाटा घेऊन जाईल, वर लोक म्हणतील बघा किती रडला.

"एकच आहे," मी म्हटलं.

मी वळले. तो स्वतःचे हात बघत होता, पुढून, मागून. भांडला असता तर मी कदाचित पट्टी त्याच्यापुढे टाकली असती. तो भांडला नाही. त्याने मला विचारलं, अगदी मनापासून, जसं रस्ता चुकलेला माणूस विचारतो, "मी कधी घेतली?"

"ते तुला माहीत."

"नाही माहीत." थोडा विचार करून तो म्हणाला, "दारासारखंच झालं असेल."

मग त्याने बाहीने डोळे पुसले, नाक पुसलं. मॉडेल खोक्यात ठेवलं, झाकण नीट बसवलं. "म्हणजे हे सगळं पावडरीचं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं आई आली."

संध्याकाळच्या आत पिशवी भरून तो स्वतःहून केंद्रात गेला. जाताना काकांना सांगून गेला की ओतलेली मापं उद्या सकाळी काढा.

सहाव्या दिवशी डॉक्टरबाईंचा फोन आला. रक्त, लघवी, सगळं स्वच्छ. अंगात कशाचा मागमूस नाही. मी म्हटलं, पट्ट्यांचा डबा जुना झाला असेल. त्यांनी विचारलं, तो त्या दिवशी रडला होता का. मी म्हटलं, थोडा.

त्यांनी त्याला समजावलं, पट्टी खराब निघाली. तो घरी आल्यावर मीही तेच सांगितलं. खरं काय ते सांगायला माझ्याकडे तेव्हाही वेळ होता, आजही आहे. त्याने दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, असेल. पण ती चुकली तर आधीच्याही चुकल्या असतील, ताई, कोण सांगणार.

अठरा महिने पुरे झाले तशी मी शब्दाप्रमाणे त्याची खाट वर आणली. पोर्सेलिनचं टेबल पुसून ठेवलं, नवे ब्रश आणले. तो टेबलाशी उभा राहिला, काचेला हात लावला नाही आणि प्लास्टरकडे परत गेला. डॉक्टरबाई म्हणतात की दुसऱ्या चित्रासारखं झालंय आता त्याचं डोकं, उजळलेलं, बहुतेक सगळी दारं जागच्या जागी. खरं असावं, कारण तो काय काय अनुभवत असतो ते मला रोज कळतं. त्याला काही वाटलं की तो माझ्याकडे येतो.

परवा काकांनी एका डेंटिस्टची नक्कल केली. तो म्हातारा कवळी उलटी धरून उन्हात कसा बघतो ते. धाकटा इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग तो थांबला. पाणी बोटाने टिपलं, बोट बघितलं, आणि भरल्या लॅबमधून चालत माझ्या टेबलापाशी येऊन हात पुढे केला.

"ताई, कप दे."

मी देते. काय करणार? दाराबाहेर उभी राहते, पट्टी बुडवते, पाच मिनिटं मोजते. दोन रेघा येतात. दर वेळी दोनच येतात. मी सांगते, "दोन आहेत." सांगून भागत नाही म्हणून हल्ली पट्टी त्याच्या डोळ्यांपुढे धरते, घे, तूच बघ म्हणते.

तो मान फिरवतो. "तू बघितलंस ना," तो म्हणतो, "मग झालं."